बटणावरचा अंगठा

दुर्बिणीवरची मंडळी त्याला घुबड म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा. बावीस वर्षं काम एकच: घुमटाबाहेरच्या गच्चीवर रात्रभर आकाश बघत उभं राहायचं. विमान लेझरच्या वाटेत येताना दिसलं की हातातलं बटण दाबायचं, लेझर बंद. नाहीतर वैमानिकाचे डोळे दिपायचे. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, ते ह्याने खरंच केलं. बावीस वर्षांत एक विमान सुटलं नाही.

आता लेझर कशाला? तर नव्वद किलोमीटर वर, जळलेल्या उल्कांच्या धुळीतून आलेल्या सोडियमचा विरळ थर असतो. लेझर पोचला की तो उजळतो आणि खोटा तारा तयार होतो. हवेमुळे तो थरथरेल तसा दुर्बिणीचा आरसा वाकतो, मग खरे तारे स्वच्छ दिसतात. पण उन्हाळ्यात थर पातळ होतो, खोटा तारा मिणमिणतो, आणि लेझर क्षणभर थांबवणंही जिवावर येतं.

नेमका अशाच एका उन्हाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्यावर पडदा आला. त्याने चहा कपाबाहेर ओतला तेव्हा बायकोला कळलं. ती म्हणाली, सांगून टाका. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. गच्चीवरून उतरलो तर मी कोण, असं त्याला वाटायचं. मग काय, शंका आली की बटण. एका रात्रीत अकरा वेळा. लेझर सांभाळणाऱ्या इंजिनिअर बाईंनी शेवटी विचारलंच, काका, आज सोडियम आधीच कमी आहे, खरंच विमान होतं का? तो हो म्हणाला, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या रात्री त्याने अंगठा आवरला. झोताजवळ एक ठिपका होता. तारा असेल, स्वतःशीच म्हणाला. मिनिटाभराने घरघर ऐकू आली, तोवर ठिपका झोत ओलांडून गेला होता.

पहाटे बाई खुशीत होत्या. "काका, आज लेझर एकदाही थांबवला नाहीत. उन्हाळ्यातली सगळ्यात चांगली रात्र."

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्याने बटण टेबलावर ठेवलं.

"एक विमान गेलं. मला दिसलं नाही. मला आता नीट दिसतच नाही."

बाईंनी आधी विमानतळाला फोन लावला, मग त्याच्याकडे खुर्ची सरकवली. विमान सुखरूप उतरल्याचं कळायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ तो उभाच होता.

ऑपरेशननंतर डोळा सुधारला, पण गच्चीवर त्याच्या जागी आता कॅमेरा आहे. चहा बायकोच ओतते आणि कप त्याच्या हातात देते. वरून विमान गेलं की त्याचा अंगठा कपाच्या कानावर दाबला जातो. ती बघते, आणि घरघर विरली की पुन्हा चहा ओतते.