अर्थ कळल्याशिवाय सुई लावायची नाही

अंगावर काही गोंदवून घेण्याआधी त्या आकृतीचा अर्थ आणि इतिहास पुरता समजून घेतला पाहिजे, या एका मतापायी स्वतःचं अंग जन्मभर कोरं ठेवणारा माणूस अख्ख्या पुण्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. वयाने माझ्याहून बरेच मोठे, पण पहिल्या भेटीतच त्यांनी मला 'अहो साडू' म्हटलं, मीही त्यांना तेच म्हणू लागलो, आणि पुढे आमची खरी नावं फक्त लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर उरली. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, आणि चेहऱ्यावर कायम कुणाच्या तरी तेराव्याला जाऊन आल्यासारखा भाव. आनंदाच्या बातमीवरही ते आधी एक सुस्कारा टाकत. मला बढती मिळाली तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "वा. म्हणजे आता तुमच्या मागे लागायला माणसं वाढली." पेढा मात्र दोनदा घेतला.

साडूंचं आयुष्य रेघांमध्ये गेलं. खडकीत लहानाचे मोठे झाले, आणि डिप्लोमा होताच पिंपरीच्या बाजूच्या एका यंत्रांच्या कंपनीत ड्रॉइंग ऑफिसात चिकटले. ट्रेसिंग कागदावर शाईने यंत्रांचे भाग काढायचे, हे काम. हात इतका स्थिर की चहाचा कप देताना बशीचा आवाज होत नसे. मग ते नवं धोरण आलं. देशाचे दरवाजे उघडले आणि साडूंच्या खात्याचं दार बंद झालं. यंत्रांची चित्रं परदेशातून तयार येऊ लागली. ड्रॉइंग ऑफिसातल्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली, तिच्यात स्वेच्छा कुणाची होती हे कोणी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी आपली वीसेक वर्षांची चित्रं टेम्पोत भरली जाताना पाहिली. रद्दीवाला ती वजनाने उचलत होता. घरी येऊन ते ताईंना एवढंच म्हणाले, "कागद चांगला होता, त्याला भाव बरा येईल."

घरी दोन वर्षं काढल्यावर त्यांनी पोरासोरांच्या शेजारी बसून संगणकाचा क्लास केला आणि चाळिशी उलटल्यावर हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातले दोष शोधायचे. हे काम पुण्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या फुकट करत आलेत. साडूंना त्याचा पगार मिळू लागला. त्या कंपनीतच त्यांना टॅटू भेटले. आजूबाजूला सगळी तरुण मंडळी, आणि एकेकाच्या दंडावर, मनगटावर, घोट्यावर काही ना काही काढलेलं. साडूंना चित्रांबद्दल तक्रार नव्हती. उलट रेघ कशी आहे, शाई कुठे फुटली आहे, हे ते चष्मा वर करून बघत. मग त्यांचा प्रश्न येई, "याचा अर्थ काय?" आणि समोरचा अडखळला की त्यांचा चेहरा आणखी दोन बोटं खाली येई.

त्यांच्या टीममध्ये निनाद नावाचा एक मुलगा होता. दंडावर चिनी अक्षरं. त्याच्या मते त्यांचा अर्थ 'शौर्य'. साडूंना राहवेना. त्यांनी शोध काढला की कॅम्पात चिनी वंशाच्या एक वयस्कर दंतवैद्यबाई आहेत. एका शनिवारी ते निनादला घेऊन तिथे गेले. बाई म्हणाल्या, "मला कुठे वाचता येतं? मी इथेच जन्मले, इथेच कॉन्व्हेंटात शिकले. थांबा, आईला विचारते." आतून नव्वदीच्या एक आजी आल्या, निनादचा दंड उजेडाकडे वळवून त्यांनी बराच वेळ पाहिला आणि मुलीच्या कानात काही सांगितलं. बाई म्हणाल्या, "आई म्हणते, बदक असावं. पण एक रेघ कमी आहे." आता आलाच आहात तर बसा म्हणून त्यांनी निनादचे दात पाहिले आणि पुढच्या आठवड्यात त्याची एक दाढ काढली. निनाद पुढे कित्येक महिने पूर्ण बाह्यांचे शर्ट घालत असे. साडूंना वाईट वाटलं. "मी त्याला हिणवायला नेलं नव्हतं हो," ते म्हणाले, "जन्मभर चुकीचं वागवण्यापेक्षा कळलेलं बरं, असं वाटलं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "की नाही?"

आम्हाला सगळ्यांना वाटे, हा माणूस टॅटूच्या विरोधात आहे. खरी गोष्ट मला एका संध्याकाळी कळली. खडकी स्टेशनच्या बाकावर आम्ही लोणावळ्याकडून येणाऱ्या लोकलची वाट पाहत बसलो होतो. साडू एकदम म्हणाले, "साडू, मलाही एक काढून घ्यायचंय." मी हसलो, ते हसले नाहीत. "आयुष्यभर रेघा मारल्या. एक उरली नाही. कागदावर नकोच आता. एकच चित्र, पण असं पाहिजे की शेवटपर्यंत कुणाला उचलून नेता येणार नाही. आणि विचारलं कुणी, तर मला सांगता आलं पाहिजे, हे का." लोकल आली, गेली. आम्ही बसूनच राहिलो.

तेव्हापासून साडूंचा शोध सुरू झाला आणि वर्षांमागून वर्षं चालला. फर्ग्युसन रस्त्याच्या आसपास टॅटूची दुकानं निघाली होती, त्यातल्या एका दुकानात ते नेमाने जाऊ लागले. आधी त्यांनी जहाजाचा नांगर पसंत केला. मग वाचलं की जुन्या काळी महासागर ओलांडून आलेला खलाशी नांगर गोंदवून घेई. साडू म्हणाले, "मी मुळा ओलांडतो, तीही पुलावरून." नांगर बारगळला. पाकोळी पक्ष्याचंही तेच, तीही खलाशांचीच निघाली, दूरदूरचा प्रवास करून सुखरूप घरी परतल्याची खूण. दक्षिण समुद्रातल्या बेटांवरची ती काळी नक्षी त्यांना फार आवडली होती. त्यातली रेघ बघून ते अक्षरशः हळवे झाले. पण त्या नक्षीत तिथल्या माणसांची घराणी सांगितलेली असतात हे कळल्यावर म्हणाले, "दुसऱ्याचं आडनाव लावल्यासारखं होईल ते." दुकानाचा मालक सुरुवातीला हौसेने बोले. पुढे गिऱ्हाइकं खोळंबू लागली, काही जण साडूंचं बोलणं ऐकून उठूनही गेले. शेवटी मालकाने काचेवर पाटी लावली: 'डिझाइनच्या अर्थाविषयी चर्चा करायची असल्यास कृपया सोमवारी यावे. सोमवारी दुकान बंद असते.' साडूंनी ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

मग ते आपल्याकडच्या गोंदणाकडे वळले. तुळस, विंचू, लक्ष्मीची पावलं, हनुवटीवरचे ठिपके, यातलं कुठे काय गोंदतात आणि का, हे विचारत ते बायकांच्या मागे लागू लागले. ताईंनी एकदा स्पष्टच बजावलं, "अहो, मार खाल कुठेतरी." मार्केट यार्डात कांदे निवडणाऱ्या एका म्हातारीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदण होतं. साडूंनी मला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून. पुढे होऊन अगदी अदबीने विचारलं, "आजी, हे जे आपल्या हातावर आहे, त्याचा अर्थ काय हो?"

म्हातारीने वर पाहिलंसुद्धा नाही. "काय म्हाईत बाबा. आयनं धरलं, बाईनं टोचलं. लई रडले व्हते, तेवढं ध्यानात हाय. कांदा किती देऊ?"

त्यांच्या घरी महिनाभर कांदाच कांदा झाला. पण त्या दिवशी परतताना साडू रिक्षात म्हणाले, "हिला काही माहीत नाही, आणि तरी ते हिचंच वाटतं. हे कसं काय?" त्याचं उत्तर त्यांना कधी सापडलं असं वाटत नाही, कारण नंतर त्यांचा शोध मंदावला आणि स्वभाव आणखी काळवंडला.

अशात सईचं ते प्रकरण झालं. सई ही त्यांची एकुलती एक मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मानेवर, केसांखाली तिने काहीतरी काढून घेतलं आणि घरी येऊन स्वतःच सांगितलं. मी तिथे होतो. साडूंनी विचारलं, "अर्थ काय?"

"काही नाही बाबा. आवडलं."

"आवडलं हा अर्थ नव्हे."

"मग नाहीये अर्थ. प्रत्येक गोष्टीला असलाच पाहिजे का?" आणि मग तिच्या तोंडून ते निघून गेलं. "तुम्ही इतकी वर्षं शोधताय, तुम्हाला तरी कुठे मिळाला?"

साडू उठले, चप्पल घालून बाहेर गेले. त्यानंतर बापलेकीत कामापुरतंच बोलणं उरलं. सईला बंगळुरात नोकरी लागली. स्टेशनवर सोडायला आम्ही सगळे गेलो होतो. साडू डब्याच्या खिडकीपाशी उभे राहून फक्त पाण्याची बाटली नीट ठेवायला सांगत होते, पुन्हा पुन्हा. गाडी हलल्यावर ताई रडल्या. साडू म्हणाले, "चला, पार्किंगचं तिकीट संपेल."

दोनतीन वर्षं अशीच गेली. मग साडूंना घास अडकायला लागला. आधी पोळीचा, मग भाताचा. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, नुसतं सगळं ताकात कालवून खाऊ लागले. तपासण्या झाल्या तेव्हा अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, आणि ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. डॉक्टर म्हणाले, किरणांचे उपचार घेऊ, गिळायला तरी सोपं जाईल. सई बंगळुरूहून आली ती लॅपटॉप आणि मोठी बॅग घेऊनच. किती दिवसांसाठी आलीस, हे तिला कुणी विचारलं नाही.

उपचार सुरू होण्याआधी मोजमापं घ्यायची होती. साडूंना आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बऱ्याच वेळाने ते शर्टाची बटणं लावत बाहेर आले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर मला काहीतरी वेगळं दिसलं. माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "साडू, झालं."

"काय झालं?"

"टॅटू."

छातीच्या मधोमध एक आणि दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन बारीक निळे ठिपके त्यांना सुईने टोचले होते. रोज यंत्र नेमकं त्याच जागेवर लावता यावं म्हणून. शाईने खूण केली तर आंघोळीत पुसली जाते. साडू सांगू लागले, "तिथल्या मुलीला विचारलं, हे कायमचं का? म्हणाली, हो काका. म्हटलं, याचा अर्थ काय? म्हणाली, अर्थ म्हणजे? रोग इथे आहे, एवढाच. हलू नका." ते हसायला लागले. "इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा कुणी सरळ उत्तर दिलं हो."

मला हसता येईना. पलीकडे सई उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. साडूंनी वरची दोन बटणं सोडून तिला मधला ठिपका दाखवला. "बघ. शेवटी मीही काढून घेतलं." सईने ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मग साडू म्हणाले, "तुझं दाखव बघू. मी पाहिलंच नाही."

खरंच, एवढं भांडण झालं, पण त्यांनी ते चित्र कधी पाहिलंच नव्हतं. सई त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसली आणि तिने केस वर धरले. साडूंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी जवळ जाऊन पाहू लागले. पूर्वी ड्रॉइंग तपासताना पाहत असतील तसे.

"मासा आहे होय. मला वाटत होतं पान असेल."

"मासा आहे, बाबा."

"रेघ चांगली आहे. शेपटी जरा तिरकी आलीय."

"बाबा!"

"तिरकीच बरी. पोहतोय असं वाटतं." त्यांनी बोट पुढे केलं आणि त्या शेपटीवरून हळूच फिरवलं. अर्थ त्यांनी विचारला नाही. सईने बराच वेळ केस खाली सोडले नाहीत.

उपचारांनी चार महिने बरे गेले. साडू मऊ भात खाऊ लागले, बाल्कनीत बसू लागले. मग प्रकृती पुन्हा ढासळू लागली. दसऱ्याच्या सुमारास मी गेलो तेव्हा ते पलंगावर भिंतीला टेकून बसले होते. ताई आणि सई औषधं आणायला गेल्या होत्या. आवाज अगदी बसला होता, म्हणून मी खुर्ची जवळ ओढली.

"साडू, एक विचारू?" ते म्हणाले. "मी उगाच वेळ घालवला का? पहिल्याच दिवशी दुकानात जाऊन काहीतरी काढून मोकळा झालो असतो, तर?"

"छे हो, नाही," मी म्हणालो.

"खोटं बोलताना तुम्ही फार पटकन बोलता."

आम्ही दोघंही हसलो. त्यांचं हसणं खोकल्यात गेलं आणि खोकला थांबेना. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शर्टाखाली बरगड्या हाताला लागत होत्या. खोकला थांबल्यावर मी चमच्याने पाणी पाजलं. ते तसेच माझ्या हाताला टेकून राहिले. खालच्या रस्त्यावरून झेंडूच्या फुलांचा हातगाडीवाला ओरडत गेला. "निघायचं असेल ना तुम्हाला," ते डोळे मिटून म्हणाले. मी म्हटलं, नाही, घाई काही नाही. ताई आणि सई येईपर्यंत मी हात काढला नाही.