दोन रिंगा आणि कट

गेल्या हिवाळ्यात मी तीस पाहुण्यांना आमच्या विहिरीच्या मोटरचा फोन नंबर दिला.

मोटरला फोन नंबर असतो, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. आमचा मळा चोपड्याजवळ, मी जळगावला नोकरीत, आणि वडील, म्हणजे आबा, एकटे गावात. वय अठ्ठ्याहत्तर. रोज सकाळी मोटर चालू करायला विहिरीपर्यंत पायी जायचे. एकदा बांधावर घसरले, तेव्हा माझ्यातला सुपुत्र जागा झाला आणि मी मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. त्यात सिमकार्ड असतं. आपण फोन लावायचा. दोन रिंगा वाजतात, यंत्र फोन कापतं आणि मोटर सुरू होते. बंद करायला मेसेज करायचा. मेकॅनिक म्हणाला होता, ‘घरातलेच नंबर नोंदवून घ्या, नाहीतर कोणाच्याही फोनने चालू होईल.’ मी म्हटलं, राहू दे उघडंच, अडीअडचणीला बरं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी अशा अडचणीच्या तरतुदीतूनच आल्या आहेत.)

तेव्हापासून जळगावात चहा पिता पिता मीच मोटर चालू करू लागलो. आबांना आराम. विज्ञान माणसाला कुठल्या कुठे नेतं, यावर ऑफिसात दोनदा बोललोही.

मग मुलीचं लग्न ठरलं. धुळ्याचे व्याही विलासराव यांना, साखरपुड्याआधी, मळ्यात भरीत खायला बोलवायचं ठरलं. ही आबांची हौस. आमच्या घरी सोयरीक पक्की होते ती कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या साक्षीने, आणि वांगी भाजणार ते स्वतः. आमंत्रणाचा मेसेज मी लिहिला. शेवटी टाकलं, ‘रस्ता चुकल्यास आबांना फोन करा,’ आणि नंबर चिकटवला.

आता माझ्या फोनमध्ये एक ‘आबा’ होते आणि एक ‘आबा मोटर’. ज्याला जास्त फोन लावतो त्याचं नाव फोन वर आणून ठेवतो. आणि चष्म्याशिवाय मला त्यातलं फक्त ‘आबा’ एवढंच दिसतं.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. आबांनी वांगी धुवायला पाइपचं तोंड निंबाकडे वळवलं, धुणं झालं, मोटर बंद केली आणि निंबाखाली काड्या रचल्या. पाइप तसाच राहिला. आणि पाहुणे रस्ता चुकायला लागले.

पहिला फोन अमळनेरहून आला असावा. मोटर सुरू. आबा विहिरीवर गेले, बंद केली, परत आले, तोवर काड्यांखाली ओल आलेली. पुन्हा सुरू. पुन्हा गेले. त्यांना वाटलं मीच चालू करतोय. पोरगा जळगावहून इतक्यांदा पाणी सोडतो आहे म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार, म्हणून त्यांनी मेन स्विच खाली ओढला नाही. माझ्यावर इतका विश्वास त्या घरात दुसऱ्या कोणी कधी ठेवलेला नाही.

मीही हातभार लावलाच. बायको, मुलगी, मी आणि पुऱ्यांचा डबा वाटेत होतो. दह्यासाठी थांबलो, फोन केला: आबा, विस्तव पेटला का? दोन रिंगा आणि कट. केळीच्या पानांसाठी थांबलो, पुन्हा फोन. कट. असे चार. बायकोला म्हणालो, ‘आबा कामात आहेत.’ ते खरंच होतं.

मळ्यात पोचलो तर निंबाखाली भाताची लावणी करावी इतका चिखल. विलासराव पांढरे बूट हातात घेऊन बांधावर उभे. मी नमस्कार केला. त्यांनी केला नाही.

‘तुमच्या वडिलांनी तीनदा माझा फोन कापला,’ ते म्हणाले. ‘सोयरीक पसंत नसेल तर तसं सांगा. आम्ही काही रस्त्यावर पडलेलो नाही.’

माझी मुलगी बायकोच्या मागे पांढरीफटक पडली. मी म्हटलं, आबा असं करणारच नाहीत. विलासरावांनी खिशातून फोन काढला. ‘हे बघा, तुमच्यासमोर लावतो.’

दोन रिंगा. कट. आणि केळीच्या मागून मोटर घोंगावत सुरू झाली.

निंबाच्या पलीकडे, गुडघ्यापर्यंत भिजलेले आबा मिरच्या ठेचायची बडगी खाली ठेवून अकराव्यांदा विहिरीकडे निघाले.

विलासराव एकदा फोनकडे, एकदा आबांकडे बघत राहिले. मग ते जे हसायला लागले ते हातातले बूट चिखलात पडेपर्यंत. नंतर तेच आबांच्या मागे धावले आणि मोटर त्यांनी बंद केली.

एव्हाना शेजारचे सुकलालभाऊ तावातावाने आले होते, कारण आमचं पाणी त्यांच्या हरभऱ्यात शिरलेलं. त्यांच्या मागून आणखी दोघं. सगळे विहिरीच्या कोरड्या ओट्यावर बसले, काड्या तिथे हलवल्या, वांगी भाजली गेली. भरीत धुरकट झालं होतं. कोणी तक्रार केली नाही.

मी आबांना म्हटलं, उद्याच हा स्टार्टर काढून टाकतो.

‘ऱ्हाऊ दे,’ आबा म्हणाले. ‘रातनी लाईट ऱ्हास तवय कामले येस. यंत्र चांगलं शे.’ मग ओट्यावरच्या माणसांकडे बघत म्हणाले, ‘इंजिन व्हतं तवय हँडल माराले दोन मानसं लागेत. बटनले एक लागे. आते याले एकबी लागस नही. तैपासून विहिरवर कोनी येस नही.’

मी त्या ओट्याकडे पाहिलं. आबांचा आराम किती मोठा होता, ते तेव्हा दिसलं.

परतताना चष्मा लावून यंत्रात घरातले नंबर नोंदवले, बाकीचे बंद केले, आणि बायकोला जरा अभिमानानेच सांगितलं, की आता चूक होणार नाही.

ती पुऱ्यांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती.

‘लग्नाला सव्वीस वर्षं झाली,’ ती म्हणाली. ‘एका दिवसात तुम्ही आबांना चार फोन केलेले आज पहिल्यांदा पाहिले. आणि चारही मोटरने घेतले.’