विहिरीवरचा प्रबंध

लॉ कॉलेजातल्या प्रबंधांची मला शिसारी यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नगरच्या कोर्टात वकिली करायचो आणि सकाळी कॉलेजात शिकवायचो. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधांवर मार्गदर्शक म्हणून सही करण्याचं लोढणं माझ्या गळ्यात होतं. मार्गदर्शन कसलं, डोंबल! सगळे प्रबंध कोर्टाबाहेरच्या एकाच टायपिस्टकडे टाइप व्हायचे. तो पठ्ठ्या प्रत्येकाची एक कार्बन कॉपी मागे ठेवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विकायचा. वरचं नाव बदललं की प्रबंध नवा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी न वाचताच सह्या ठोकायचो.

त्या वर्षी श्रीगोंद्याकडचे एक प्राथमिक शिक्षक परीक्षेला बसले होते. बौद्ध, वयाने माझ्याहून मोठे. दुष्काळात गावच्या सार्वजनिक विहिरीवर कोणाला पाणी भरू देतात आणि कायदा काय म्हणतो, हा त्यांचा विषय. सुट्ट्यांमध्ये सायकलवर गावोगाव हिंडून त्यांनी तो लिहिला. कच्चं लिखाण दाखवायला ते दोनदा आले, दोन्ही वेळा मी कोर्टाची घाई सांगितली. शेवटी त्यांनी ते टायपिस्टकडे दिलं.

त्यांनी प्रबंध जमा केला, तेव्हा कारकुनाला तसाच दुसरा आधीच आलेला सापडला. तो एका बड्या बागायतदाराच्या मुलाचा होता. त्यावर माझी सही होती. बागायतदार कॉलेजच्या मंडळावर.

प्राचार्यांनी आम्हा तिघांना बोलावलं. नंतर आला तो चोर, असा त्यांचा सरळ न्याय होता. शिक्षकांनी त्या मुलाची प्रत उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘माझ्या आईला या विहिरीवरून रिकाम्या घागरीनिशी परत पाठवले.’ बेट्याने तेही बदललं नव्हतं. त्याच्या मळ्यात स्वतःच्या दोन विहिरी होत्या.

“सर, ह्यांच्या आईला कुनी परत धाडलं हुतं?” शिक्षकांनी हळूच विचारलं.

मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. प्राचार्यांनी ती ओळ वाचल्यासारखं केलं आणि माझ्याकडे वळले. सही वाचून केली होती ना, तेव्हा शंका आली नाही ना, एवढंच त्यांनी विचारलं. नाही वाचला, असं म्हटलं असतं तर शिक्षकांचं वर्ष वाचलं असतं. माझी नोकरी मात्र गेली असती, आणि बाररूममध्ये छी-थू झाली असती.

मी म्हणालो, “वाचूनच केली.”

टायपिस्टची किळस, त्या मुलाची किळस, प्राचार्यांची किळस, सगळी त्या एका क्षणात माझ्यावरच येऊन पडली. तरी शब्द मागे घेतला नाही.

शिक्षकांचा प्रबंध नामंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. मला वाटलं, आता शिव्या देतील.

“पास नगा करू, सर,” ते म्हणाले. “पन येकदा वाचा.”