न तपासलेली मोटार

म्हैसुरातल्या चामराजपुरमच्या वनजाबाई नळालासुद्धा, धक्का बसत नाही ना हे बघायला, आधी उलटा हात लावत. शेजारणी हसत, हसोत बापड्या. सव्वीस वर्षं शेतपंपाच्या मोटारींच्या कारखान्यात चाचणीच्या टेबलापाशी उभं राहिलेल्या बाईचा हात तसाच वळणार. जोडलेली मोटार समोर आली की त्या मेगर लावून वीज मोटारीच्या अंगावर उतरत नाही ना ते बघायच्या, ती फिरवून आवाज ऐकायच्या आणि मगच पाटीवर आपला सात नंबरचा ठसा मारायच्या. ठसा म्हणजे त्यांचा शब्द.

एकदाच तो शब्द खोटा दिला गेला. अकरा वर्षांपूर्वी आयुधपूजेला टेबलावर कुंकू-फुलं चढली आणि एक मोटार तपासायची राहिली. पूजा झालेलं यंत्र दसऱ्यापर्यंत चालवायचं नाही, हा तिथला नेम. बाहेर लॉरी खोळंबलेली. सुपरवायझर शिवाजीराव म्हणाले, "साकू, पुरे गं वनजा. पूजा झालीय, आता कळ दाबू नको. मार ठसा." वनजाबाईंनी मारला.

महिन्याभरात त्याच मोटारीचं वॉरंटीचं कार्ड आलं: गौरम्मा, कृष्णराजनगर तालुका. तेव्हाच जाऊन सांगायला हवं होतं. पण नोकरी जाईल या धास्तीने वनजाबाई गप्प बसल्या आणि ती मोटार त्यांच्या मानगुटीवर बसली. मिक्सर फिरला की तीच घरघर. वर्तमानपत्र उघडलं की विजेच्या धक्क्याने कोण गेलं ते आधी शोधायचं. ते नाव नसलं की त्या दिवसापुरता जीव भांड्यात पडायचा.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच सोमवारी त्या मेगर घेऊन बसमध्ये चढल्या. भातखाचराच्या कडेला मोटार होती, पाटीवर सात. गौरम्माही होती, धडधाकट. तिला बघून वनजाबाईंना रडूच आलं. मोटार कशी चालते म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, झकास. ओल्या हाताला जरा झिणझिण्या येतात, पण ते सगळ्याच मोटारींचं असतं ना?

वनजाबाईंनी मेन स्विच पाडला, तारा सोडल्या, मेगर लावला. काटा शून्यापाशीच राहिला, म्हणजे वीज मोटारीच्या अंगावर उतरत होती. मग बांधावर बसून त्यांनी कानडीत सगळं सांगितलं, कार्डासकट. आपण घेऊन देऊ ती नवी मोटार येईपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही, असंही बजावलं.

गौरम्मा ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "पत्ता तेव्हाच कळला होता ना? माझी नातवंडं अकरा वर्षं इथे खेळली. तेव्हा का नाही आलीस?"

तेव्हा नोकरी होती, एवढंच खरं उत्तर होतं. वनजाबाई उठल्या आणि स्क्रूड्रायव्हरने पाटीवरचा सात खरवडू लागल्या.