राशिदच्या पाळीचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फादरना तर नाहीच. दरवर्षी कन्फेशनला जायचो, शिवीगाळ, आळस, एखादी बिअर असली किरकोळ पापं पुढे करायचो आणि मोठं तेवढं खिशात ठेवून परत यायचो. आज ते खिशातून काढतोय. आणि गंमत म्हणजे, सांगायला बसल्यापासूनच मला बरं वाटतंय.

नव्वदीच्या दशकात मी आखातात, फुजैराला होतो, बंदरावरच्या एका तेलाच्या टर्मिनलच्या स्टोअरमध्ये. मी वसईचा, वाडीवाल्यांच्या घरातला. केळी, पानवेल, पाट हेच बघत वाढलेला. टर्मिनलवर डेक्लन नावाचा एक आयरिश फोरमन होता, क्रेन दुरुस्त करणारा. घरची शेती मोठ्या भावाला गेली, म्हणून हा विशीतच बाहेर पडला आणि देश फिरत फिरत फुजैरामागच्या डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबला. कंपनीची खोली सोडून त्याने गावात खजुराच्या बागेचा एक तुकडा भाड्याने घेतला होता. चुन्या-सिमेंटाशिवाय, नुसता दगडावर दगड रचून त्याने भोवती गडगा घातला. त्याच्या गावी असेच घालतात म्हणे. गावकरी आधी हसले. मग त्यांनीच त्याच्याकडून आपापले गडगे बांधून घेतले. आत तो बटाटे लावायचा. ते कधी लिंबाएवढ्याच्या वर गेले नाहीत, पण त्याला त्यांचा कोण अभिमान!

मी सुट्टीहून येताना राजेळी केळीचे दोन कंद बॅगेत कपड्यांखाली दडवून आणले आणि त्याच्या बागेत लावले. एक जगला. त्या केळीवर माझा फार जीव होता, घरच्यासारखा.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे. डोंगरातून एक पाट यायचा, फलज म्हणतात त्याला. गावात प्रत्येकाच्या पाण्याची पाळी ठरलेली. जमिनीत एक काठी रोवलेली असायची आणि तिच्या सावलीवर पाळी मोजायची. सावली खुणेच्या दगडाला टेकली की डेक्लनने बागेत पाणी घेणाऱ्या पाटाच्या दाराशी दगड आणि चिंध्या कोंबून पाणी बंद करायचं. मग ते आपसूक खाली राशिदच्या शेतात जायचं. राशिद म्हणजे शेजारचा म्हातारा, बायको गेलेली, शेळ्यांवर जगणारा. एकदा हुकलेली पाळी आठवडा उलटल्याशिवाय परत यायची नाही. वसईत पाणी विहिरीच्या मालकाचं असतं. तिथे पाणी वेळेचं होतं. मला हे कळत नव्हतं असं म्हणू? कळत होतं. चांगलं कळत होतं.

तो शुक्रवार होता, तिथला सुट्टीचा वार, म्हणून आमची मिस्साही त्याच दिवशी. उन्हं तापायला लागलेली. राशिद नमाजाला गेलेला. डेक्लनने आपली पाळी संपवून दगड लावला होता आणि दोन बिअर पिऊन आत झोपला होता. मी केळीपाशी आलो. घड भरत होता आणि पानं मलूल पडली होती. जीव कळवळला. वाटलं, नमाज सुटेपर्यंतच काय ते, कुणाला कळतंय? दगड काढला. पाणी केळीच्या बुडाशी आलं, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न वाजला. चर्चला जाणारी आमची शेअरची गाडी. “यल्ला, यल्ला” म्हणत ओरडत होते सगळे. मी धावलो. चर्चच्या दारात पवित्र पाण्यात बोट बुडवलं — आणि आठवलं. परतता आलं असतं. समोर टॅक्सी उभी होती. मी मात्र आत गेलो आणि पूर्ण मिस्सा ऐकली. परत का निघालास, विचारलं असतं कुणी तर काय सांगणार होतो?

संध्याकाळी बागेत पोचलो तेव्हा राशिद गडग्याशी उभा होता. आरडाओरडा नाही, काही नाही. तो शेतावर येईतो त्याची पाळी सरली होती आणि नुकती उगवलेली लसूणघास आडवी पडली होती. “डेक्लन, पानी मेरा था,” एवढंच तो म्हणाला, तिथे सगळे आपसात बोलायचे त्या मोडक्या हिंदीत. बागेचा मालकही आला होता, अजून दोघेतिघे होते. डेक्लन टोपी काढून उभा. त्याने एकदा त्या उघड्या दाराकडे पाहिलं, एकदा आपल्या हातांकडे.

“मेरा गलती,” तो म्हणाला. “पिया था। बंद करना भूल गया।”

त्याला तसं खरंच वाटलं होतं! दगड त्याने लावला होता, पण स्वतःवर त्याचा विश्वासच नव्हता. आणि मी — मी हाताच्या अंतरावर मूग गिळून उभा. तोंड उघडायला काय लागत होतं? गावाला त्याचं पिणं ठाऊक होतं, पण सगळे काणाडोळा करायचे. ते त्याने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मग मालकाचाही इलाज खुंटला. “खलास, डेक्लन,” तो हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. महिनाअखेर बाग सोडायची ठरलं.

त्या महिन्यात मी रोज ठरवायचो, आज सांगेन. मला भीती कसली होती? नोकरी जाणार नव्हती. फक्त लोकांच्या नजरेतून उतरलो असतो. तेवढ्यासाठी मी एका माणसाची आयुष्यातली एकुलती एक जमीन जाऊ दिली.

तो आयर्लंडला बहिणीकडे गेला. दारू सोडली. मी पुढे दुबईला आलो, तिथे नाताळात त्याचा फोन यायचा. गडगा उभा आहे का, विचारायचा. आहे, म्हणायचो. मग एकदा म्हणाला, त्या दिवशी राशिदचं तोंड बघितलं, पुन्हा बाटलीला हात लावला नाही. मी म्हटलं, बरं झालं. कशी जीभ रेटली माझी! दारू सुटली हे खरं, पण तो माझा हिशेब नव्हे. एका वर्षी फोन त्याच्या बहिणीने केला, तो गेला म्हणून. आणि मला — हेही सांगतो — क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका खोटी होती. आजची खरी आहे.

एक राहिलं. जाण्याआधी डेक्लनने त्या केळीचा घड कापला आणि माफी म्हणून राशिदच्या दारात नेऊन ठेवला. राशिदने त्यातली एक फणी तोडून माझ्या हातात दिली. तू याचा दोस्त, म्हणाला.

मी ती खाल्ली. गोड होती.

दगड मी काढला होता, डेक्लन. तू तो लावला होतास.