शेलारकाकांची कलर स्पेस

स्लाइड स्कॅन करून देण्याच्या धंद्यात दोन गोष्टी साठतातच, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअरने उडवता येते. किस्से मात्र चिकटून बसतात, आणि आमच्या चिंचवडच्या दुकानात सगळ्यात जास्त चिकटलेत ते शेलारकाकांचे!

काका एका स्कूटर कंपनीच्या रंगखात्यातून रिटायर झालेले, हल्ली रावेतला राहतात. तरुणपणी त्यांना फोटोंचा भलता नाद. तोही स्लाइडचा. स्लाइड म्हणजे चौकटीत बसवलेला फिल्मचा तुकडा, उजेडासमोर धरला की रंगीत चित्र दिसतं. स्वतःचं लग्न, कॉलनीतला गणपती, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी, असं सगळं पत्र्याच्या डब्यांत भरून ते एक दिवस आले. "कायमचं जपून ठेवायचंय," म्हणाले.

मी विचारलं, "काका, कलर स्पेस कुठली ठेवू?"

"कुठली बी ठेव. पोरानं मोठी हार्ड डिस्क दिलीय, जागा लय हाय!"

माझा पार्टनर रफिक हसू दाबत म्हणाला, "काका, ही जागा डिस्कवरची नाही, रंगांची. खडूंची पेटी समजा. छोटी पेटी म्हणजे एसआरजीबी. कुठल्याही मोबाइलवर चालते, पण स्लाइडमधले काही हिरवे-निळे तिच्यात मावत नाहीत. मोठीत मावतात, पण सगळ्याच मोबाइलला ती उघडता येत नाही."

"मंग मोठीच! आमच्या खात्यात नुसत्या पांढऱ्याचे किती प्रकार व्हते. गिऱ्हाईक म्हणायचं, पांढरी द्या. अरं, कुठली पांढरी?"

*

मोठ्या पेटीतली लग्नाची फाइल काकांनी आम्हाला न विचारता फॅमिली ग्रुपवर टाकली. तिथे रंगांचा सगळा घोळ झाला आणि अख्खं वऱ्हाड फिकं पडलं. दुकानात चहा येईपर्यंत मंचरहून मेव्हण्याचा फोन!

"दाजी, लग्नाच्या दिवशीच तुमच्या तोंडचा रंग उडाला व्हता व्हय?"

स्पीकर चालू होता. शेजारी बसलेल्या काकू शांतपणे म्हणाल्या, "उडालाच व्हता. मी बघितलाय."

तेव्हाच आम्ही ठरवलं. मास्टर फाइल, म्हणजे मूळ स्कॅन, मोठ्या पेटीत राहणार, तिला कुणी हात लावायचा नाही. काकांना हवे ते बदल करायचे ते छोट्या पेटीतल्या कॉपीत, आणि ग्रुपवरही तीच जाणार.

काकांना हे अजिबात आवडलं नाही. "मास्टर कोन? हितं मास्टर मी हाय!"

*

काकांना उजव्या डोळ्याने लहानपणापासून दिसत नाही. डाव्यात मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टर ऑपरेशनची तारीख द्यायचे आणि काका ती पुढे ढकलायचे. कारण एकच, "आधी रंग फायनल होऊ द्या."

एकदा काकू एकट्याच जिना चढून आल्या. धाप लागलेली. "भाऊ, तुमची ती स्पेस काय हाय ती लवकर ठरवा. डॉक्टर तिच्यापायी खोळंबल्यात!"

मी हसलो खरा. पण दुसऱ्या दिवशी काका स्कॅनरशेजारी बसले असताना हळूच बोलले, "येकच चालू हाय रं. त्यो बी गेला तर? तवर सगळं एकदा डोळं भरून बघून घेतो."

मी पुढची स्लाइड स्कॅनरमध्ये सरकवली. फार वाईट वाटलं.

*

त्या डोळ्याने काका रंग दुरुस्त करायला बसले. "लय पिवळं दिसतंय. निळा वाढीव." वाढवला. "अजून." अजून वाढवला. असं करता करता लग्नाच्या पंगतीतला भात चक्क निळा झाला!

रफिक म्हणाला, "काका, या पंगतीला मी काही बसणार नाही."

काकूंनी सांगितलं ते ऐकून उलगडा झाला. "डॉक्टर म्हणाले, यांच्या डोळ्यातलं भिंगच पिवळं झालंय. घरी रोज भांडण, दुधात हळद टाकलीस का म्हणून!"

*

मग रफिकने एक केलं. गणपतीच्या मागे मोरपंखी पडदा असलेली एकच स्लाइड, दोन्ही पेट्यांतली, शेजारी शेजारी लावली. छोटीतला पडदा मेलेला, मोठीतला जिवंत. आमचा स्क्रीन चांगला आहे, मला दारातूनही फरक दिसत होता.

"सांगा काका, मोठी कुठली?"

काका पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"येकच हायेत की दोन्ही."

काकांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. कुणी मस्करी करत नाहीये हे त्यांना कळलं. रंगखात्यात जन्म काढलेला माणूस! मग त्यांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

"घरी लाव. तिला म्हणावं, डॉक्टरची तारीख घे."

*

ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि काका-काकू दुकानात आले. आम्ही धास्तावलेलो. निळा भात बघून आता काय बोलतील! रफिकने आधीच मास्टर फाइल उघडून ठेवली होती.

काकांनी आत येऊन काळा गॉगल काढला. मी खुर्ची पुढे केली, "बसा, बघा."

काका बसलेच नाहीत. स्क्रीनकडे त्यांची पाठ होती. ते काकूंकडे बघत होते. काकूंच्या अंगावर फिकट जांभळी साडी होती, काठ धुऊन धुऊन विरलेले. आमच्याकडे त्या बहुतेक वेळा तीच नेसून यायच्या.

"नवी घेतलीस व्हय?" काका म्हणाले. "लय झ्याक रंग हाय."

एरवी शब्दाला शब्द देणाऱ्या काकूंनी पदर सारखा केला.

"व्हय," म्हणाल्या, "कालच."