देवरावच्या नावाचं ताट

नागपूर स्टेशनवरून त्या दिवशी आम्ही दोघं निघालो. मी नौदलात लेफ्टनंट, सुट्टी संपवून पारशिवनीहून परत चाललेला. देवराव सावनेरजवळच्या खेड्यातला खलाशी, माझ्याच जहाजावर बदली झालेला. झालेला कसला, मीच वर शब्द टाकून ती करवून घेतली होती. आपल्या बोलीत बोलणारा एक तरी माणूस सोबत असावा, एवढीच हौस. माझे बाबा खिडकीशी उभे राहून तेच तेच म्हणत होते, "आपल्या घरात कोणाले पोहता येत नाही, अन् तू दर्यावर चाकरी करून राहिला." देवरावची माय गिरजाबाई शेजारीच उभी होती. गाडी हलली तशी म्हणाली, "सायेब, पाण्याचं मले काही समजत नाही. माह्या पोराले तुमच्या पदरात टाकलं." मी मोठ्या तोऱ्यात मान हलवली.

गाव सोडलेल्यांनो आणि गावातच राहिलेल्यांनो, त्या मान हलवण्याबद्दल हे लिहितो आहे.

काही महिन्यांत युद्ध लागलं. जहाजाला भगदाड पडलं तर काय करायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं असतं. पाणी शिरलेला कप्पा बंद करायचा, आणि एकदा बंद केला की आतून कोणी ठोकलं तरी उघडायचा नाही. एक कप्पा भरला तर जहाज तरंगतं, शेजारचे भरले तर सगळेच जातात. हे काम माझ्याकडे होतं. मार बसला तेव्हा खालच्या कप्प्यात तिघं होते. दोघं शिडीने वर आले. देवराव आत पंपापाशी होता आणि पाणी शिडीच्या निम्म्यावर चढलं होतं. मी हॅच बंद करायला सांगितलं. जवळचा खलाशी पुढे होईना, म्हणून त्याला बाजूला सारून त्या लोखंडी झाकणाच्या खिट्ट्या मीच आवळायला घेतल्या. शेवटची खिट्टी बसायच्या आत खालून आवाज आला, "सायेब, मी अंदर हाओ! काहून बंद करून राहिले?"

भोवतीची माणसं केरळची, पंजाबची, आंध्रची. त्यांना ते शब्द कळले नाहीत. मला कळले, आणि मी ती खिट्टी आवळली. मग ठोके ऐकू येत राहिले.

बाकीचे सगळे जिवंत किनाऱ्याला लागले. मला शाबासकी मिळाली, पुढे बढत्याही मिळत गेल्या. नियमाने मी चुकलो नव्हतो आणि आज वेळ आली तरी तेच करीन. चुकलो ते नंतर. गिरजाबाईला भेटायला गेलो तेव्हा सांगितलं, "स्फोटातच गेला. त्याला काही कळलंसुद्धा नाही." तिने पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवला.

आपल्याकडे अक्षय तृतीयेला नवी घागर भरतात आणि गेलेल्याच्या नावाने एका माणसाला पितर म्हणून जेवायला बसवतात. त्या वर्षापासून ती मला बसवू लागली. "तुमीच त्याले शेवटी पाह्यलं. तुमीच बसा." पुरणपोळी, कुरडया, चिंचवणी. घागरीतलं पाणी ती स्वतः पेल्यात ओतायची आणि म्हणायची, "त्याले तहान लागली असंल." ज्याच्या नाकातोंडात समुद्र गेला, त्याच्या नावाने मी ते पाणी प्यायचो. जमेल त्या प्रत्येक वर्षी गेलो. मला त्याची लाज वाटते.

निवृत्तीनंतर विशाखापट्टणमला राहिलो. बायको तिकडचीच, मुलांचं तेलुगू फर्डं, फ्लॅटच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो. पारशिवनीचं घर भावांनी विकलं. नागपूरकडे माझी वाट पाहणारं घर एकच उरलं, गिरजाबाईचं, आणि ते खोटेपणावर उभं होतं. वॉचमनने नेटिव्ह प्लेस विचारलं की मी सावनेर सांगायचो.

गिरजाबाई गेली. यंदा तिचा धाकटा मुलगा शालिक, आता तोही आजोबा झालेला, त्याने मला पाटावर बसवलं. दोन ताटं होती, एक मायच्या नावाचं, एक देवरावच्या, ते माझ्यापुढे. मी पहिला घास हातात घेतला आणि सगळं सांगून टाकलं. हॅच, खिट्ट्या, त्याचे शब्द.

शालिकने एवढंच विचारलं, "कितीक वेळ ठोकत होता?"

"बराच वेळ," मी म्हणालो.

तो भिंतीला टेकून बसला. सून दारात थबकली. शालिक म्हणाला, "माय मरेपर्यंत सांगत होती का त्याले काही समजलं नाही. त्याच्यावरच जगली थे." मग म्हणाला, "जेवून घ्या. पितराच्या ताटावरून उठू नये. पन पुढच्या साली येऊ नोका."

मी जेवलो. त्याने शेवटपर्यंत वाढलं, आग्रह मात्र केला नाही. बसस्टॉपवर पोचवायला आला, माझी बॅग उचलली आणि बस सुटेपर्यंत थांबला.

घर म्हणजे काय, असं मुलं विचारतात. मी कोण आहे आणि मी काय केलं, हे जिथं ठाऊक आहे, ते घर. असं घर मला या वयात मिळालं, आणि तिथं मला जाता येत नाही.